चाऱ्याचा हिशेब : शिरूर-दौंडच्या दुधाची दीडशे वर्षे

दूध कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर पहिलीतले मूलही देते. पण गाय जे खाते ते कोणत्या रानात उगवले, त्याला पाणी कोठून मिळाले आणि खाल्ल्यापैकी किती भागाचे दूध झाले, असे विचारले की दहावीचा विद्यार्थीही थबकतो. पाठ्यपुस्तकात दुधातील प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि कॅल्शियम यांचे कोष्टक असते. चाऱ्याचे कोष्टक नसते.

अलीकडे या विषयाला एक नवे कारण मिळाले आहे. गाईम्हशींच्या पोटातून बाहेर पडणारा मिथेन वायू पृथ्वीच्या तापमानवाढीत भर घालतो, हे वर्तमानपत्रांतून मुलांच्या वाचनात येते. ज्या मुलाच्या घरी तीन गाई आहेत आणि ज्याची फी त्या दुधाच्या पगारातून भरली जाते, ते मूल वर्गात विचारते, "मग आम्ही गाई पाळायच्या नाहीत का?" या प्रश्नाला साऱ्या जगाची सरासरी सांगून उत्तर देता येत नाही. एखाद्या भागात दूध कसे वाढत गेले, त्यासाठी काय काय खर्ची पडले, हे पाहावे लागते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे शेजारी तालुके त्यासाठी सोयीचे आहेत. भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्यांच्या काठचा हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. अशा अवर्षणप्रवण भागात आज पहाटे दुधाच्या गाड्या रांगेने धावतात. हे कसे घडले?

बैलासाठी गाय

एकोणिसाव्या शतकात आजचा दौंड तालुका भीमथडी तालुक्याचा भाग होता. भीमथडी आणि शिरूर या दोन्ही ठिकाणी शेती मुख्यतः कोरडवाहू होती. बाजरी, रब्बीची ज्वारी, थोडी कडधान्ये आणि करडई ही पिके. नांगर, मोट, गाडी सारे बैलावर चालत असे. त्यामुळे गाय पाळायची ती मुख्यतः बैलासाठी. खिलार जातीची जनावरे चपळ आणि काटक. त्यांचे खोंड मोलाचे, पण गाय वासराला पाजून दिवसाला लिटर-दीड लिटर दूध दिले तर पुष्कळ. दूध ही या व्यवस्थेतील वरकड गोष्ट होती. त्याचे दही-ताक घरात संपे आणि तूप तेवढे बाजारात जाई.

जनावरांचा चारा वेगळा पिकवला जात नसे. ज्वारीचे कणीस माणसाला आणि ताट जनावराला, अशी वाटणी होती. उरलेल्या महिन्यांत गायरान आणि बांधावरचे गवत. या वाटणीत एक शहाणपण होते: एकाच पावसावर, एकाच जमिनीत दोघांचे पोट भरे. पण तिच्यात एक धोकाही होता. पाऊस चुकला की धान्य आणि वैरण दोन्ही एकदमच जात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनला हा धडा फार महागात शिकवला. धान्य रेल्वेने बाहेरून आणता येई. कडब्याची गंजी आणणे अवघड होते. माणसाच्या दुष्काळाआधी जनावरांचा दुष्काळ सुरू होई, आणि बैल गेला की पुढच्या वर्षी पाऊस पडूनही पेरणी होत नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले डॉ. हॅरॉल्ड मान यांनी दख्खनच्या खेड्यांचा घरोघर फिरून अभ्यास केला. त्यांचे दुसरे खेडे म्हणजे शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक. ना. वि. कानिटकर यांच्यासह केलेला हा अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे, कर्ज, जनावरे, घरखर्च या साऱ्याची त्यांनी मोजदाद केली. साधारण पावसाच्या वर्षातही बहुतेक कुटुंबांना शेतीवर भागवता येत नाही, असे त्यातून दिसले. कोरडवाहू शेतीला दुसऱ्या कशाची तरी जोड हवी होती.

दूध विकता का येत नव्हते?

ती जोड दुधाची का झाली नाही? १८५८ मध्ये रेल्वे पुण्याला पोचली आणि लगेच पुढे यवत, केडगाव, पाटस, दौंड असा भीमेच्या खोऱ्यातून तिचा मार्ग गेला. पुण्याचे गिऱ्हाईक काही तासांवर आले. तरीही गावचे दूध शहरात फारसे गेले नाही, कारण दूध थांबत नाही. धारेच्या वेळी ते सुमारे ३८ अंश सेल्सियस तापमानाचे असते. या उबेत जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात. म्हणजे चार तासांत आठ-दहा पिढ्या! ४ अंशापर्यंत थंड केले तरच ही वाढ रोखली जाते.

थंड करण्याची सोय नव्हती, तोवर शहरांनी उलटा मार्ग पत्करला: दूध आणण्याऐवजी जनावरच शहरात आणले. मुंबईचे तबेले हे त्याचे ठळक उदाहरण. वैरण दूरवरून गाड्यांनी आणायची, शेण गटारात किंवा उघड्यावर टाकायचे आणि म्हैस आटली की बहुधा खाटकाला विकायची. चाऱ्याचे रान एकीकडे आणि शेण दुसरीकडे, त्यामुळे जमिनीतून घेतलेले जमिनीला परत मिळत नसे. १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने आरे वसाहत उभी राहिली, ती हे तबेले शहराबाहेर काढण्यासाठी. आणंदच्या सहकारी संघाने मात्र वेगळी वाट दाखवली. गाई-म्हशी जिथे चारा आहे तिथेच राहू द्या आणि दूध थंड करून शहरात न्या. पर्यावरणाच्या भाषेत बोलायचे तर पोषणद्रव्यांचे चक्र गावातच पुरे होऊ द्या. पुणे जिल्ह्याचा सहकारी दूध उत्पादक संघ १९६० मध्ये स्थापन झाला. 'कात्रज' या नावाने तो आपल्याला परिचित आहे. १९७० मध्ये देशपातळीवर 'दुधाचा महापूर' योजना सुरू झाली.

बाजार तयार झाला. पण विकण्याइतके दूध देणारी गाय कोठे होती?

उरुळीचा प्रयोग

दौंड तालुक्याच्या वेशीला लागून हवेली तालुक्यातील उरुळी कांचन हे गाव आहे. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी तेथे आले आणि त्यांनी निसर्गोपचाराचे काम सुरू केले. त्यांच्यासोबत आलेले गुजरातचे तरुण कार्यकर्ते मणिभाई देसाई तेथेच राहिले, ते १९९३ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत. त्यांनी आश्रमात गीर गाईंचा उत्तम कळप उभा केला. चांगली जात आणि पोटभर चारा मिळाला, तर देशी गाईचे दूध किती वाढते हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवले. पण निवडीने गावोगावच्या गाई सुधारायला कित्येक पिढ्या लागल्या असत्या. १९६७ मध्ये त्यांनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच 'बाएफ', ही संस्था स्थापन केली आणि होल्स्टिन व जर्सी वळूंच्या रेताने गावठी गाईंचा संकर करण्याचे काम हाती घेतले.

त्यामागे एक शास्त्रीय शोध होता. १९४९ मध्ये लंडनमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की ग्लिसरॉल मिसळले तर शुक्रपेशी गोठवूनही जिवंत राहतात. बाटलीवरच्या चिठ्ठीच्या गोंधळामुळे हे द्रव्य त्यांच्या हाती पडले, असे सांगतात. पुढे द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सियसला, रेत वर्षानुवर्षे टिकवता येऊ लागले. वळू गावात आणण्याची गरज उरली नाही. नायट्रोजनचे भांडे मोटारसायकलला अडकवून तंत्रज्ञ शेतकऱ्याच्या दारात पोचू लागला. दूध शहराकडे नेण्यासाठी थंडी लागली आणि गाय सुधारण्यासाठीही थंडीच लागली, हा योगायोग मुलांना सांगण्यासारखा आहे. मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानेही होल्स्टिन, जर्सी आणि गीर या तिन्ही रक्तांची 'फुले त्रिवेणी' ही संकरित गाय विकसित केली.

संख्या आणि चारा : एक जुना वाद

याच सुमारास पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेतून एक वेगळा आवाज उठत होता. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९६४ मध्ये गोविकासातील 'संख्येचा प्रश्न' मांडला. देशात जनावरे चाऱ्याच्या मानाने फार आहेत, म्हणून सारीच अर्धपोटी राहतात आणि म्हणूनच कमी दूध देतात, असे त्यांचे म्हणणे. दोन वर्षांनी अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी उलट बाजू मांडली. भारतातील गाय माणसाला न खाता येणारे पदार्थ खाऊन बैल, शेण आणि थोडे दूध देते. म्हणजे ही व्यवस्था वरून दिसते तितकी अडाणी नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दांडेकरांना तो मान्य नव्हता आणि त्यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. हा वाद पुढे अनेक वर्षे चालला.

आज मागे वळून पाहता या वादातील दोन्ही मुद्दे उपयोगाचे आहेत. हॅरिस यांनी गाय काय खाते याकडे लक्ष वेधले आणि दांडेकरांनी ती किती जणींत वाटून खाते याकडे. दुधाचा पर्यावरणावर पडणारा भार या दोन गोष्टींवरच ठरतो.

ऊस, वाढे आणि विहिरी

संकरित गाय आली तसा तिच्या पोटाचा प्रश्न आला. ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाला दहा ते बारा किलो शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा-खुराक, लागतो. ज्वारीच्या नुसत्या कडब्यावर ती दहा लिटर दूध देऊ शकत नाही. हिरवा चारा हवा, आणि हिरव्या चाऱ्याला बारमाही पाणी हवे.

पाणी हळूहळू आले होते. खडकवासल्याचा कालवा एकोणिसाव्या शतकातला. तो पुढे दौंडमधून इंदापूरपर्यंत गेला. शिरूर तालुक्यात चिंचणी येथे घोड धरण झाले, नंतर चासकमानचे पाणी आले. भीमेवर उपसा योजना झाल्या, विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या. पाण्यामागे ऊस आला आणि उसामागे साखर कारखाने. गळीत हंगामात उसाचे वाढे स्वस्तात मिळू लागले आणि गोठे भरू लागले. बागायतीच्या बांधावर हत्तीगवत, वाफ्यात लसूणघास दिसू लागला. हत्तीगवताचे 'यशवंत' आणि 'जयवंत' हे राहुरीचे वाण घरोघर पोचले.

या बदलाला दोन बाजू होत्या. वाढे म्हणजे उसाचा टाकाऊ भाग. त्यासाठी वेगळे पाणी लागत नाही, हा फायदा. पण वाढ्यात ऑक्झलेट असते. ते चाऱ्यातील कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि महिनोन्‌महिने वाढ्यावरच ठेवलेली गाय दुधातून जाणाऱ्या कॅल्शियमची भरपाई करू शकत नाही. ती अशक्त होते, गाभण राहत नाही. दुसरीकडे रब्बी ज्वारीचे क्षेत्र घटत गेले. मालदांडी ज्वारीचा गोड, उंच कडबा ही या भागाची जुनी दौलत. १९६४ मध्ये ज्वारीचा 'सीएसएच-१' हा पहिला संकरित वाण आला. त्याचे धान्य भरघोस, पण ताट बुटके. रब्बीच्या पट्ट्यातील शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही, त्यामागे कडब्याचा हिशेब होताच. उसाने मात्र ती जागा घेतली. १९७२ चा दुष्काळ आणि अलीकडच्या २०१२-१३ व २०१८-१९ मधील चारा छावण्या आठवल्या, तर चाऱ्याची जुनी जखम अजून भरलेली नाही हे लक्षात येते.

ढेकरातला वायू

आता मिथेनकडे वळू. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठ्या कोटीपोटात अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवतात. माणसाला न पचणारा सेल्युलोज ते फोडतात, म्हणून तर गवताचे दूध होते. या आंबण्यात हायड्रोजन तयार होतो. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव हा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेन करतात. हा वायू मुख्यतः ढेकरावाटे तोंडातून बाहेर पडतो, शेपटीकडून नव्हे. चाऱ्यातील एकूण ऊर्जेच्या २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. म्हणजे मिथेन हा शेतकऱ्याचाही तोटाच आहे!

चारा जितका जून, काडीदार आणि निकस, तितके मिथेनचे प्रमाण जास्त. कोवळा हिरवा चारा, मुरघास आणि खुराक यांवर आंबण्याची तऱ्हा बदलते. प्रोपिऑनिक आम्ल अधिक तयार होते आणि ते हायड्रोजन स्वतःकडे ओढून घेते.

मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. थोडा काळ टिकत असल्यामुळे तो कमी केला, तर परिणामही लवकर दिसतो. भारताच्या शेतीक्षेत्रातून जे हरितगृह वायू बाहेर पडतात, त्यांपैकी जवळपास निम्मा वाटा जनावरांच्या पचनाचा आहे.

फळ्यावर मांडण्याजोगे गणित

गाय जे खाते त्यातला पहिला वाटा तिच्या स्वतःच्या शरीराला लागतो: श्वास, रक्ताभिसरण, हालचाल, शरीराची ऊब. याला निर्वाहाचा वाटा म्हणू. तो दूध दिले तरी लागतो, न दिले तरी लागतो. त्यावर जे मिळेल त्याचे दूध होते. आता तीन गाई फळ्यावर मांडा. पुढील आकडे रीत समजावी म्हणून घेतलेले, ढोबळ आहेत.

पहिली गाय गावठी: दिवसाला ३ लिटर, वेताचे २५० दिवस, म्हणजे ७५० लिटर, वर्षाला ४० किलो मिथेन. लिटरमागे सुमारे ५३ ग्रॅम. दुसरी संकरित, चांगल्या आहारावरची: १० लिटर, ३०० दिवस, ३००० लिटर, ७५ किलो मिथेन. लिटरमागे २५ ग्रॅम. तिसरी संकरितच, पण वाढे आणि कडबा यांवर जगणारी: ६ लिटर, २५० दिवस, १५०० लिटर, ६५ किलो मिथेन. लिटरमागे ४३ ग्रॅम.

विद्यार्थ्यांना यातून तीन गोष्टी काढता येतील. एक, वर्षाकाठी सर्वांत जास्त मिथेन सोडणारी गाय लिटरमागे सर्वांत कमी सोडते, कारण तिचा निर्वाहाचा वाटा जास्त लिटरांत विभागला जातो. दोन, जात बदलली पण चारा बदलला नाही, तर निम्म्याहून अधिक फायदा वाया जातो. तीन, आणि ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही, गावठी गाईच्या माथी सारा मिथेन दुधाच्या नावाने मारणे अन्यायाचे आहे. ती बैल देत होती आणि शेत नांगरले जात होते. आज ते काम ट्रॅक्टर करतो आणि त्याच्या डिझेलचा धूर दुधाच्या हिशेबात धरला जात नाही.

चौथी गोष्ट शिक्षकांनी जोडावी. लिटरमागे मिथेन घटला म्हणून एकूण मिथेन घटतोच असे नाही. १९५०-५१ मध्ये देशाचे दूध १७० लाख टन होते. २०२३-२४ मध्ये ते सुमारे २३९० लाख टन झाले, म्हणजे चौदा पट. जास्त दुधाच्या गाई आल्यावर कमी दुधाच्या आणि भाकड जनावरांची संख्या घटली, तरच हवेला फरक जाणवेल.

काय करता येते?

पहिला उपाय साधा आहे: आहार संतुलित करणे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०१२ नंतर गावोगाव संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला. घरी असलेलाच चारा, पेंड आणि खनिज मिश्रण योग्य प्रमाणात दिले, तर खर्च घटतो, दूध थोडे वाढते आणि लिटरमागचा मिथेन दहा टक्क्यांहून अधिक कमी होतो, असा अनुभव आला. कडब्याची कुट्टी केली तर वाया जाणारी वैरण वाचते. मक्याचा मुरघास करून ठेवला तर उन्हाळ्यातही कोवळ्या चाऱ्याचा कस मिळतो.

दुसरा उपाय मिथेनवर थेट घाव घालण्याचा. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' हे पूरक खाद्य तयार केले. त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो. युरोपात '३-एनओपी' या रसायनाला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. त्याने घट सुमारे ३० टक्के होते, पण ते रोज खाद्यातून द्यावे लागते आणि त्याचा खर्च दुधाच्या दरातून निघत नाही.

तिसरा उपाय शेणाचा. संकरित गाय दिवसाला वीस-पंचवीस किलो शेण देते, आणि २५ किलो शेणापासून साधारण एक घनमीटर गोबरगॅस मिळतो. दोन-तीन गाईंवर एका कुटुंबाचा स्वयंपाक भागतो आणि उरलेली स्लरी शेताला जाते. या तंत्राचा उगमही महाराष्ट्रातच सापडतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू तयार करून दिवे लावले होते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात तरंगत्या टाकीचे संयंत्र गावोगाव नेले. शेण पाण्यात मिसळून उघड्या खड्ड्यात साचू दिले, तर तोच मिथेन हवेत जातो. टाकीत साठवून जाळला, तर चुलीचे लाकूड वाचते.

या साऱ्या उपायांत एक समान धागा आहे. दुधाच्या खर्चात चारा-खुराकाचा वाटा साठ-सत्तर टक्के असतो. म्हणून जिथे चारा वाचतो, तिथे शेतकऱ्याचा पैसा आणि पृथ्वीची हवा दोन्ही वाचतात. असे उपाय उपदेशाशिवाय पसरतात.

जिथे हिशेब जुळत नाही

पण सगळीकडे असे होत नाही, आणि खरा पेच तिथेच आहे.

पाण्याचे पाहा. जगाच्या सरासरीने एक लिटर दुधामागे सुमारे एक हजार लिटर पाणी लागते, त्यातील बहुतेक चारा पिकवायला. हे पाणी पावसाचे असेल तर फारसे बिघडत नाही. पण पाचशे मिलिमीटरच्या प्रदेशात मोकाट पाणी देऊन हत्तीगवत वाढवले, तर लिटरमागचा मिथेन घटतो आणि विहीर मात्र खोल जाते. पाण्याला किंमत नसल्यामुळे हा तोटा दुधाच्या हिशेबात दिसतच नाही. ठिबकवरचा चारा, मालदांडीचा कडबा टिकवणे, बांधावर शेवरी-सुबाभूळ लावणे हे त्यावरचे मार्ग. सुबाभळीचा प्रसार मणिभाईंनीच केला होता. तिच्या पाल्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. म्हणून ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये, एवढे पथ्य.

दुसरा पेच गोऱ्ह्यांचा. निम्मी वासरे नर असतात. ट्रॅक्टरच्या काळात त्यांना काम नाही. देशाच्या पशुगणनेत २०१२ ते २०१९ या काळात गोवंशातील नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली आणि माद्यांची १८ टक्क्यांनी वाढली, यावरून बैलाचे युग कसे ओसरते आहे ते दिसते. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्याबद्दल कोणाचे मत काहीही असो, काम नसलेले जनावर चारा खाते, मिथेन सोडते आणि त्याचा भार तीन गाईंच्या मालकावर पडतो. लिंगनिर्धारित रेतमात्रेमुळे दहापैकी नऊ कालवडी होऊ शकतात. ती स्वस्त झाली तर हा पेच पुष्कळ सुटेल.

तिसरा पेच उन्हाचा. होल्स्टिन गाईला ५ ते २५ अंश तापमान मानवते. शिरूर-दौंडला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. मग ती खाणे कमी करते, दूध घटते, माज दाखवत नाही. तापमानवाढीला ज्या गाईने हातभार लावला, तिलाच तापमानवाढ छळते. मुक्त संचार गोठा, झाडांची सावली आणि संकरात गीरचे रक्त राखणे, हे उपाय आहेत. पण त्यांना जागा आणि भांडवल लागते, आणि दुधाच्या दराचा भरवसा नसताना ते कोण गुंतवणार? २०२४ मध्ये राज्य सरकारला गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले, इतके दर खाली गेले होते. हवा आणि पाणी वाचवण्याचा जो भाग शेतकऱ्याच्या हिशेबात बसत नाही, त्याची किंमत दूध पिणाऱ्यांनी आणि शासनाने उचलणे न्यायाचे ठरेल.

वर्गासाठी एक काम

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना गावातील दहा गोठ्यांची पाहणी देता येईल. प्रत्येक गोठ्याची एक वही. पहिल्या पानावर जनावरे: दुभती, गाभण, भाकड, कालवडी, गोऱ्हे. दुसऱ्या पानावर आठवड्याचा चारा: वाढे, कडबा, हत्तीगवत, घास, पेंड किती किलो, घरचे किती आणि विकत किती. तिसऱ्या पानावर पाणी: चारा कोणत्या पाण्यावर पिकला, पावसाच्या, विहिरीच्या की कालव्याच्या. चौथ्यावर शेण: खत, गोवऱ्या, गोबरगॅस की उघडा खड्डा. आणि शेवटी दूध. महिनाअखेर 'एक किलो चाऱ्यामागे किती दूध' हा एकच भागाकार करायचा. भागताना भाकड गाय आणि गोऱ्हा यांनी खाल्लेला चाराही धरायचा, हे विसरू नये. दहा गोठ्यांची उत्तरे शेजारी ठेवली की मुले आपणच विचारू लागतील: या गोठ्यात असे काय केले जाते, जे शेजारच्या गोठ्यात होत नाही? गावातील आजी-आजोबांना विचारून पन्नास वर्षांपूर्वीची वहीही अंदाजाने भरता येईल; तेव्हा काय खायला घालत होते, हे त्यांना नक्की आठवते.

"आम्ही गाई पाळायच्या नाहीत का?" असे विचारणाऱ्या मुलाला उत्तर देताना ही वही शिक्षकाच्या हाती असावी. त्याच्या घरच्या तीन गाईंपैकी किती दुभत्या आहेत आणि त्या काय खातात, हे पाहूनच पुढचे बोलता येईल.